हाताला गरीब

पुलाच्या मधोमध एका अनोळखी बाईनं तिचा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, "अगं, तू तर गेलीस असं ऐकलं होतं मी." सकाळची घाईची वेळ. खाली रस्त्यावर गाड्या तुंबलेल्या, वर पादचारी पुलावर दोन्ही बाजूंनी माणसांचा लोंढा, आणि त्या लोंढ्यात या दोघी दगडाला अडकलेल्या काटक्यांसारख्या उभ्या. बाईच्या चेहऱ्यावर आनंद होता, अगदी खरा, हरवलेली वस्तू उशीखाली सापडल्यावर होतो तसा. तो आनंद मोडावा लागणार म्हणून तिलाच अपराध्यासारखं वाटलं. ती म्हणाली, मी धाकटी. तुम्ही म्हणताय ती माझी ताई. बाईनं हात सोडला, पण नजर सोडली नाही. डोळे, कपाळ, हनुवटी अशी खाली उतरत गेली आणि पुटपुटली, काय बाई सारखेपणा तरी, एका साच्यातून काढल्यासारख्या. मग माफी मागून ती लोंढ्यात मिसळून गेली. धाकटी मात्र कठड्याला टेकून उभी राहिली. दंडावर बोटांचा दाब तसाच होता. तो आपल्या दंडावर आहे की ताईच्या, हे तिला क्षणभर ठरवता येईना. ताईला जाऊन वर्ष होत आलं होतं. आई त्याच्या कितीतरी आधी गेली होती, आणि दोघी एकाच दुखण्यानं. डॉक्टरांनी तिला एकदा बसवून सांगितलं होतं की हे रक्तातून येतं, तुम्हीही तपासून घ्या. ती हो म्हणाली होती, आणि रोज सकाळी उठून दुसऱ्यांचं रक्त तपासायला जात होती.

दुसऱ्यांचं म्हणजे माशांचं. प्रयोगशाळेच्या जिन्यात स्पिरिटचा वास यायला लागला की तिला सुटल्यासारखं वाटे. इथे सगळं लहान असतं: माशाच्या पराचा कणभर तुकडा, बोटाएवढी नळी, थेंबभर पाणी. त्या थेंबातून यंत्र पडद्यावर रंगीत सुळके काढतं, आणि प्रत्येक माशाचे सुळके वेगळे, जशी प्रत्येक माणसाची चाल वेगळी. निदान तसे असायला हवेत. गेले काही दिवस तिच्या पडद्यावर एकच माणूस चालत होता. धरणाच्या भिंतीखालचा मासा, त्याच्या खालच्या वळणावरचा, शहराच्या पुलाखालचा, थेट खाडीजवळचा. नळी बदलली, सुळके तेच. पहिल्या वेळी मोठ्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, चष्म्यावरून बघून म्हणाल्या होत्या की हात धुतले होतेस ना, एकाच माशाला सगळ्या नळ्यांत आंघोळ घातलेली दिसते. सगळे हसले होते, तीही हसली होती. तिनं पुन्हा पहिल्यापासून केलं, नवे तुकडे, नव्या नळ्या, वेगळं टेबल. आज सकाळी त्याचंही उत्तर तेच आलं होतं आणि कुणी हसलं नाही. मोठ्या बाई तिच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या, पदराला चष्मा पुसत राहिल्या. एवढी मोठी नदी, एवढे मासे, जाळी फाटतील इतके, आणि सगळी एकमेकांची भावंडं. चार-दोन आयांची लेकरं. उद्या एक रोग आला आणि त्यातल्या एकाला त्यानं मारलं, तर तो बाकीच्यांपाशी थांबेल कशाला? त्याला एकच कुलूप उघडायचं आहे, मग सगळी घरं उघडीच.

एकच नमुना निराळा होता. धरणाच्या वर, तलावाला येऊन मिळणारा जो दगडी ओढा आहे, तिथला. भिंत बांधली तेव्हा जे मासे वर अडकले त्यांची पिलावळ त्या ओढ्यात टिकली असेल असं कुणाला वाटलंही नव्हतं. गेल्याच्या गेल्या वर्षी ती स्वतः जाळं घेऊन गेली होती. बारीक, काळपट, नुसते स्नायू असलेले मासे, हातात धरवेनात. एकानं शेपटीचा असा फटका दिला की तिचा ओठ फुटला, आणि रक्त पुसत ती खडकावर बसून वेड्यासारखी हसत सुटली होती. ते तुकडे शीतपेटीत पडून राहिले आणि आता कुठे त्यांची पाळी लागली. पडद्यावर ते सुळके उगवले तेव्हा खोलीत कुणीतरी परका माणूस आल्यासारखं झालं. मोठ्या बाई म्हणाल्या, "एवढेच उरलेत. आता या ओढ्यात खालचा एक मासासुद्धा जाता कामा नये. खालचे लठ्ठ आहेत, ढिगानं आहेत, हे मूठभर त्यांच्यात विरघळून जातील, मिठासारखे."

तिनं हातातली नळी खाली ठेवली. कारण उद्या सकाळी तिचे वडील गाडीत पिंपं भरून त्याच ओढ्यावर निघणार होते.

वडील धरणाच्या पायथ्याशी असलेल्या मत्स्यबीज केंद्रात आयुष्यभर होते. निवृत्तीनंतरही केंद्रानं त्यांना सोडलं नव्हतं, किंवा त्यांनी केंद्राला, दोन्ही खरं. केंद्रातले लोक त्यांना माशांचा बाप म्हणत आणि या नावावरून त्यांची थट्टा चाले की बापाला लेकरं मोजायला सांगा, संध्याकाळपर्यंत बसेल बिचारा. आठवड्यापूर्वी त्यांचा फोन आला होता. आवाजात लपवलेलं हसू. शेवटची बोटुकली वाढवली आहे म्हणाले, बोटाएवढी झाली आहेत, या वर्षी खाली नाही सोडणार, वरच्या ओढ्यात सोडणार, साहेबानं परवानगी दिली आहे, तूही ये. तिनं येते म्हटलं होतं. तेव्हा तिला काहीच वावगं वाटलं नव्हतं. तेव्हा आजची सकाळ उजाडली नव्हती. हे तिनं मोठ्या बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या की मी कळवलं तर चौकशी लागेल, कागद फिरतील, म्हाताऱ्या माणसाला दारोदार उभं राहावं लागेल. तू सांगितलंस तर चहावर निभावेल. तिला म्हणावंसं वाटलं, बाई, तुमच्या घरात कुणाला काही सांगायची वेळ आलेली दिसत नाही.

दुपारच्या बसनं ती निघाली. खिडकीची काच धुळीनं आंधळी झालेली, तिच्यात स्वतःचा चेहरा अर्धवट दिसत होता, आणि अर्धवट दिसला की तो हमखास ताईचा होई. फोन करून सांगावं असं दोन-तीनदा मनात आलं. पण फोनवर काय सांगणार? बाबा, तुमचे मासे चुकीचे आहेत? तिला केंद्रातलं घर आठवत होतं, भिंतींना कायम ओल, दाराशी रबरी बूट उलटे वाळत घातलेले, आणि सगळ्याला एक थंड, हिरवट वास, जो शाळेत तिच्या वह्यांनाही येई आणि शेजारची मुलगी नाक धरी. विणीच्या दिवसांत बाबा घरी जेवायलाच तेवढे येत. खालच्या नदीतून मासे अंडी घालायला चढण चढून येत, भिंतीपाशी येऊन थांबत. थांबत कसले, आपटत. आजोबांच्या वेळी ते वर डोंगरापर्यंत जात म्हणे, पण माशाला भिंत बांधल्याचं कोण सांगणार? बाबा केंद्रात नवे लागले तेव्हा त्यांनी ते दृश्य पाहिलं आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं आई सांगे. फेस, रक्त, खवले. आणि मग त्यांनी ठरवलं की यांना वर जाता येत नाही तर यांची वीण आपण आपल्या हातानं करू.

त्यांचे हात. ती ताईच्या मागे टाचा उंचावून बघत असे. भिंतीखालच्या डोहातून मासे जाळ्यानं काढून हौदात आणलेले. बाबा गुडघाभर पाण्यात. एक मादी उचलायची, काखेत तान्ह्या मुलासारखी धरायची, ओल्या कापडानं डोळे झाकायचे आणि पोटावरून अंगठा असा सरकवायचा की परातीत अंड्यांची केशरी धार लागे. हे करताना ते गात. गळा काही फार गोड नव्हता, पण सूर सच्चा होता, आणि गाणं म्हणजे बोलणंच असे, देवाशी आणि माशाशी आलटून पालटून: थांब गं माऊली, थांब जराशी, तुझं तुला देतो, त्याचं त्याला देतो, माझं काय आहे इथे, हात तेवढे माझे, करणारा तो. मध्येच गाणं थांबवून मुलींना समजावून सांगत, की बघा, देवानं एक पान दुसऱ्यासारखं केलं नाही, मग मासा तरी कसा करेल, आणि लगेच पुन्हा सूर धरत. एखादी मादी मात्र काखेत राहत नसे. उसळे, तोंडावर पाणी उडवे, शेपटीनं झोडपे. मग बाबा हसून म्हणत, हिच्या अंगात वारं आहे, हिची अंडी फुटतील, आणि तिला डोहात सोडून देत. घ्यायची ती हाताला गरीब. शांत, धष्टपुष्ट, भरपूर अंडी देणारी. त्यातली एक तर इतकी गरीब की तिला त्यांनी परत सोडलंच नाही. हौदात ठेवली, वर्षानुवर्षं तिचीच वीण केली. ताईनं तिचं नाव राणी ठेवलं होतं. ती मेली तेव्हा तिच्या लेकी होत्या, तशाच गरीब. बाकीच्या, वारं असलेल्या, डोहात परत गेल्या, त्या भिंतीवर आपटत राहिल्या, आणि काही वर्षांनी आपटण्याचा आवाज कमी झाला. बाबांना वाटलं, मासे शहाणे झाले. सगळ्यांनाच तसं वाटलं. केंद्राला एकदा ढालही मिळाली.

बस एका वळणावर थांबली, कंडक्टर चहा प्यायला उतरला. ती तशीच बसून राहिली. यात वाईट कोण आहे हे ती शोधत होती आणि तिला सापडत नव्हतं. दयाळू हातांनी दर वर्षी एक एक वेगळेपण डोहात परत टाकलं होतं. चढण्यासाठी जन्मलेला मासा, त्यातला न चढणारा तेवढा निवडला होता. आता नदीत मासे मावत नव्हते आणि त्यांतल्या एकालाही कुठे जायचं नव्हतं. तिला आठवलं, ताईही अशीच हाताला गरीब होती. दवाखान्यात सुई टोचताना नर्सला म्हणे, तुम्ही थकला असाल, सावकाश करा. शेवटच्या दिवसांत बाबा उशाशी बसत आणि तिच्या कपाळावर हात ठेवून तोच सूर धरत, थांब गं माऊली. एकदा ताईनं डोळे उघडून धाकटीला खुणेनं जवळ बोलावलं आणि कानात म्हणाली की बाबांना सांग, मी मासा नाही. दोघी हसल्या होत्या. बाबांनी विचारलं काय झालं, तर काही नाही म्हणाल्या. बाबांना सांगायच्या गोष्टींचं या घरात हे असं व्हायचं.

संध्याकाळी पोचली तेव्हा बाबांनी स्वतः खिचडी टाकली होती, थोडी करपलेली. ते बोटुकल्यांविषयीच बोलत राहिले, किती चपळ आहेत, किती खातात, आणि ती हं हं करत राहिली. आता सांगू, हात धुतल्यावर सांगू, चहाबरोबर सांगू. चहा झाला. बाबा लवकर झोपायला गेले, सकाळी उन्हाआधी निघायचं होतं. ती ताईच्या पलंगावर आडवी झाली आणि तिला वाटलं, छातीवर कुणीतरी ओलं कापड टाकलं आहे.

सकाळी केंद्राची छोटी गाडी, मागे निळी पिंपं, पिंपांत हवा सोडणारा पंप बुडबुडतोय. बाबाच चालवत होते. साहेबानं ड्रायव्हर देऊ केला होता, पण बाबा म्हणाले होते, लेकीला घेऊन जायला परका माणूस कशाला. रस्ता धरणाच्या कुशीतून वर चढत होता. डावीकडे तलाव, त्याचं पाणी अजिबात न हलणारं, शिशासारखं. बाबा गुणगुणत होते. त्या सुरामुळेच तिला सांगवेना आणि त्या सुरामुळेच अखेर तिनं सांगितलं, कारण तो अजून थोडा वेळ ऐकला असता तर ती कधीच बोलली नसती. सुरुवात कुठून केली ते तिला नंतर आठवलं नाही. सुळक्यांचं सांगितलं, सगळे एकसारखे असल्याचं सांगितलं, राणीचं सांगितलं. हातांचं सांगायचं नाही असं ठरवलं होतं, तेही सांगून झालं. वरच्या ओढ्यातले तेवढे वेगळे उरलेत, त्यांच्यात यातला एकही जाता कामा नये, हे सांगितलं तेव्हा गाडी थांबली होती. बाबांनी ती कधी कडेला घेतली ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पंपाचा आवाज येत राहिला. बाबा समोरच्या काचेतून बघत होते.

"म्हणजे एक रोग आला तर सगळे," ते म्हणाले.

"हो."

"आई आणि ताईसारखं."

तिला बाबांकडे बघण्याचं धैर्य नव्हतं, म्हणून ती स्टिअरिंगवरच्या त्यांच्या हातांकडे बघत राहिली. पाण्यात आयुष्य काढून कातडी पांढरट पडलेली, नखं मऊ.

"तू तपासून घेतलंस का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"माशांचं तेवढं घेतलंस." हे ते रागानं म्हणाले नाहीत. जरा थांबून, ज्या सुरात ते हौदापाशी मुलींना समजावत त्याच सुरात, पण हळू, ते पुढे म्हणाले, "जन्मभर म्हणत आलो, करणारा तो. बरं असतं तसं म्हणणं. निवड मी करत होतो की गं. ही घे, ती टाक. देवानं कधी सांगितलं होतं मला, गरीब तेवढी घे म्हणून?"

तिला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला. तो खांदा तिला वाटला होता त्याहून बराच लहान होता. ती म्हणाली, बाबा, कुणीच तसं सांगितलं नव्हतं, पुस्तकातही तुम्ही करत होता तसंच होतं, ढाल दिली ना लोकांनी. बाबांनी मान हलवली, पण ती ऐकल्याची नव्हती. मग त्यांनी विचारलं की यांचं काय करायचं, मागच्यांचं. ती म्हणाली की परत केंद्रात नेऊ, हौदात राहतील, मोठ्या बाई बघतील काय ते. महत्त्वाचं एवढंच की आपण वेळेवर थांबलो. हे बोलताना तिच्या छातीवरचं कापड उचलल्यासारखं झालं. बाहेर ऊन पडलं होतं. रस्त्याच्या कडेला गवतावर दव होतं, आणि कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली. सांगून झालं होतं. या घरात पहिल्यांदाच कुणीतरी वेळेवर सांगितलं होतं.

बाबांनी गाडी मागे वळवली नाही.

"तू म्हणाली होतीस," ते म्हणाले, "गेल्याच्या गेल्या वर्षी. फोनवर. किती आनंदात होतीस. ओठ फुटलाय म्हणालीस, आणि वर मासे आहेत म्हणालीस, पण फार थोडे."

"हो."

"मला फार वाईट वाटलं. थोडे म्हणजे एकटेच की ते. इतकी वर्षं वर एकटे." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "ताई गेली ना, त्यानंतरच्या आठवड्यात मला घरात बसवेना. काहीतरी जिवंत आपल्या हातून व्हावं असं वाटत होतं. मी दोन पिंपं भरली आणि वर घेऊन आलो. कुणाला विचारलं नाही. तुलाही सांगितलं नाही. म्हटलं, पुढच्या वर्षी आणखी सोडू, तेव्हा तिला घेऊन जाऊ, मोठी झालेली दाखवू. गंमत म्हणून ठेवलं होतं."

पंप बुडबुडत होता. गेल्या वर्षी. आणि तिचे तुकडे त्याच्याही आधीचे. पडद्यावर काल जो परका माणूस खोलीत आला होता, तो कधीचाच निघून गेलेला असू शकत होता. तिनं त्याची नुसती पावलं पाहिली होती. ती मनात हिशेब मांडत होती, किती पिंपं, किती जगले असतील, रानातलं पाणी आहे, पहिल्याच थंडीत मेले असतील, बगळ्यांनी टिपले असतील, हौदातली लेकरं ती, त्यांना कुठे येतंय जगायला. देवा, मेलेले असू देत. असं तिनं आयुष्यात कधी मागितलं नव्हतं, आणि मागताना तिला लाज वाटली, तरी ती मागत राहिली.

"चल, बघून येऊ," बाबा म्हणाले.

गाडी तिथेच ठेवून दोघं पायवाटेनं उतरली. बाबा पुढे, एका हातानं झुडपं बाजूला धरत, लेकीला लागू नये म्हणून. ओढ्याचा आवाज आधी आला, मग पाणी दिसलं. काळ्या खडकांमधून घसरणारं, वेगवान, स्वच्छ, आणि ते एका कपारीत अडून झालेला डोह, तळाचे दगड मोजता येतील असा. पाणी रिकामं दिसत होतं. रिकामंच असायला हवं होतं. रानातला मासा माणसाची चाहूल लागताच दगडाखाली जातो, त्याला हे कुणी शिकवत नाही. हौदातल्या पिलांचं उलटं असतं. काठावर सावली पडली की ती वर येतात, कारण सावलीबरोबर खाणं येतं. जन्मल्यापासून त्यांना एवढंच ठाऊक.

"पुढे नका येऊ," ती बाबांना म्हणाली. का ते तिनं सांगितलं नाही, पण त्यांना ते कळलं असावं, कारण ते लगेच थांबले. सूर्य दोघांच्या पाठीशी होता. ती खडकाच्या कडेपर्यंत गेली, खाली वाकली, आणि तिची सावली पाण्यावर पडली.

क्षणभर काहीच हललं नाही. मग डोहाच्या दोन्ही बाजूंनी, दगडांखालून, मुळांखालून, ती येऊ लागली, लठ्ठ, शांत, अजिबात घाई नसलेली, आणि सावलीच्या आत नीट रांगेत येऊन, तोंडं वर करून, वाट बघत थांबली.